वर्धा जिल्ह्यातील सुतारकाम : बलुत्यापासून बुनियादी शाळेपर्यंत

वर्धा जिल्ह्यातील सुतारकाम वाढले ते शेतीच्या आधाराने. वर्धा नदीच्या पूर्वेला पसरलेला हा काळ्या, भारी जमिनीचा मुलूख १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून इथे कापूस आणि ज्वारी पिकत होती, आणि या पिकांसाठी लागणारे जवळजवळ प्रत्येक औजार लाकडाचे होते. नांगर, वखर, डवरा, तिफण, बैलांच्या मानेवरचे जू, माल वाहणारी बंडी, माणसांची दमणी, हलकी वेगवान रेंगी, सरकी काढण्याचा रेचा, हे सगळे गावातल्या सुताराच्या हातून तयार होई. लोखंड लागे ते फाळाला, वखराच्या पासेला आणि चाकाच्या धावेला. बाकी सगळा भार लाकडावर. या भागात सुताराला वाढई असेही म्हणतात, आणि गिरण्या-कारखान्यांच्या काळापासून मिस्त्री हे नाव रूढ झाले.

सुतार हा गावच्या बलुतेदारांपैकी एक होता. शेतकऱ्याने लाकूड आणून द्यायचे आणि सुताराने वर्षभर त्याची औजारे धडधाकट ठेवायची, असा हा व्यवहार. मोबदला सुगीत धान्याच्या रूपाने मिळे आणि तो ढोबळमानाने शेतकऱ्याकडे किती नांगर चालतात यावर ठरे. नवी बंडी, घराची दारे-चौकटी, पाळणा किंवा देव्हारा अशी कामे बलुत्याबाहेरची असत आणि त्यांचे वेगळे पैसे किंवा धान्य घेतले जाई. उन्हाळा संपत आला की सुताराच्या अंगणात औजारांची रीघ लागे. मृग लागण्याआधी तिफणीचे दाते नीट बसलेले हवेत. पेरणीत तिफण मोडली तर वाफसा हातचा जातो, म्हणून त्या दिवसांत सुताराची उसंत म्हणजे अख्ख्या गावाची अडचण असे.

लाकडाची पारख

या धंद्याचे निम्मे ज्ञान लाकूड ओळखण्यात आहे. वर्ध्याच्या काळ्या जमिनीत बांधावर, ओढ्याकाठी बाभूळ मुबलक वाढते, आणि शेतीच्या औजारांत तिचाच वापर सर्वांत जास्त झाला. बाभळीचा गाभा जड, चिवट आणि धक्के सोसणारा असतो, म्हणून नांगराचे खोड आणि चाकाचे भाग तिचे करत. ओल्या बाभळीला कीड लवकर लागते. त्यावर उपाय म्हणून ओंडके काही महिने पाण्यात मुरवत ठेवायचे आणि मग सावलीत सुकवायचे, ही पद्धत होती. जुवासाठी आणि बंडीच्या दांड्यांसाठी तिवस पसंत करत, कारण ते मजबूत असून लवचीक असते. धावड्याचे लाकूड कणा आणि हत्यारांचे दांडे यांसाठी घेत. दारे, खिडक्या, तुळया आणि खांब यांसाठी साग. सागात नैसर्गिक तेल असल्यामुळे वाळवी त्याला सहज लागत नाही, आणि सुकताना तो इतर लाकडांच्या मानाने कमी आकसतो. जिल्ह्याच्या उत्तरेकडील आर्वी, आष्टी, कारंजा हा डोंगराळ भाग आणि सेलू तालुक्यातील बोरचे जंगल इथून स्थानिक साग मिळे. मोठ्या मापाचा साग चंद्रपूरच्या जंगलांतून येई.

लाकूड आडव्या अंगाने आकसते, लांबीने जवळजवळ आकसत नाही, ही गोष्ट प्रत्येक सुताराला अनुभवाने ठाऊक असते. रुंद फळी चौकटीत घट्ट ठोकून बसवली तर पहिल्या उन्हाळ्यात ती तडकते. म्हणून दाराची फळी चौकटीच्या खोबणीत सैल बसवतात, आणि तिला हलायला जागा ठेवतात. विदर्भाचा कडक उन्हाळा आणि त्यामागून येणारा ओला पावसाळा यांच्यामध्ये हा नियम चुकवणाऱ्याचे काम एका वर्षात उघडे पडते.

हत्यारे आणि हाताची बैठक

जुन्या सुताराची पेटी लहान असे. तासायला वाकस, कापायला करवत, सपाट करायला रंधे, खाच पाडायला पटाशी आणि अरुंद किकरे, भोक पाडायला गिरमिट किंवा दोरीच्या कमानीने फिरवायचा सामता, काटकोन तपासायला गुण्या, उभी रेषा पाहायला ओळंबा, घासायला कानस, ठोकायला हातोडी आणि लाकडी मोगरी. मोठा ओंडका चिरण्यासाठी दोघांनी मिळून ओढायचा आरा वेगळा. बारीक मापे इंच आणि सूत यांत बोलली जात, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

सुतार जमिनीवर बसून काम करी. लाकूड धरायला शिकंजा नसे, ते काम पायाची बोटे आणि टाचा करत. जुनी देशी करवत स्वतःकडे ओढताना कापते, त्यामुळे बसलेल्या माणसाला तिच्यावर चांगला ताबा राहतो. पुढे इंग्रजी धाटणीच्या, ढकलताना कापणाऱ्या करवती बाजारात आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर उभ्याने काम करण्याचे टेबल आणि शिकंजाही आले. या हत्यारांत वाकस सर्वांत जोखमीची. तिचा घाव अंगाकडे येतो आणि लाकूड पायाने धरलेले असते. म्हणूनच ती चालवणाऱ्याचा हात पाहून सुताराची पात्रता ओळखली जाई.

शिकण्याचा क्रमही जोखमीवर ठरलेला होता. सुताराचा मुलगा आधी लाकूड धरायला, ओढायला आणि हत्यार हातात द्यायला शिके. मग धार लावणे. दगडावर पटाशी घासताना तिचा कोन एकसारखा ठेवता आला नाही, तर पुढचे काहीच साधत नाही, हे त्याला तिथेच कळे. त्यानंतर दांडे घडवणे, रंधा मारणे, कुसू आणि खाच यांचा सांधा. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढायचा आणि दुसऱ्यात त्याच्या मापाची खाच पाडायची. खाच किंचित अपुरी ठेवली तर ठोकून घट्ट बसते, फार अपुरी राहिली तर लाकूड फाटते. तो ‘किंचित’ किती, हे कोणी आकड्यात सांगत नसे. बापाच्या शेजारी बसून, बिघडवून आणि पुन्हा करून ते हातात उतरे. खांडेनवमीला ही हत्यारे धुऊन पुसून पुजली जात.

सर्वांत अवघड विद्या बंडीच्या चाकाची. मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि बाहेर घेर तयार करणारे बाकदार तुकडे. घेराच्या एकेका तुकड्यात सहसा दोन आरे बसत. तुंब्यात आऱ्यांच्या खाचा सारख्या अंतरावर आणि सारख्या कोनात पाडाव्या लागत. त्यात थोडी जरी चूक झाली, तरी चाक डुलते आणि बैलाच्या खांद्यावर हिसके बसतात. चाक जुळले की लोहाराची पाळी. तो घेरापेक्षा थोडी लहान अशी लोखंडी धाव तयार करी. गोवऱ्यांच्या गोल आगीत ती लाल होईपर्यंत तापवून, दोन-तीन माणसांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. गरम धाव पसरलेली असते, थंड होताना ती आवळते आणि तुंबा, आरे, घेर यांचे सगळे सांधे एकमेकांत दाबून टाकते. तापलेले लोखंड पसरते आणि लाकूड दाबाखाली घट्ट होते, या दोन गुणांचा असा मिलाफ सुतार आणि लोहार यांनी पुस्तकाविना साधला होता.

या शिक्षणाला दोन कठीण मर्यादा होत्या. ते जातीच्या कुंपणात होते. सुताराच्या घरी जन्मलेल्याला ते आपोआप मिळे आणि इतरांना जवळजवळ बंद असे. मुलींना तर सुताराच्या घरातही हत्यार हाती मिळत नसे. दुसरी मर्यादा अक्षरांची. हाताने एवढी भूमिती जाणणारा माणूस समाजाच्या लेखी अडाणी गणला जाई, आणि शाळेत गेलेला मुलगा हत्यारापासून दूर जाई. वर्ध्याने पुढे जे केले त्याचे मोल या दोन मर्यादांशी लावून पाहिले पाहिजे.

रेल्वे, गिरण्या आणि जंगल

१८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला. पालकवाडीच्या जागी वसवलेले वर्धा शहर त्या वेळी नवेच होते. हिंगणघाटचा कापूस इंग्लंडच्या बाजारात नावाने ओळखला जात होता. रेल्वेमुळे दूरची बैलवाहतूक कमी झाली, पण शेतापासून स्टेशनापर्यंत आणि यंत्राने सरकी काढणाऱ्या जिनापर्यंत कापूस नेणाऱ्या बंड्यांची गरज वाढली. हिंगणघाट आणि पुलगाव इथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांत यंत्रांच्या लाकडी भागांसाठी आणि इमारतींसाठी सुतार लागले. महिन्याचा रोख पगार घेणारा मिस्त्री हा नवा वर्ग यातून तयार झाला. गावातला हातरेचा मात्र जिनापुढे टिकला नाही.

दुसरीकडे लाकूड मिळवणे अवघड होत गेले. मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत होती. गावच्या मालगुजारी जंगलातून औजारांसाठी आणि घरासाठी लाकूड घेण्याचा रयतेचा हक्क निस्तार म्हणून ओळखला जाई. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर सरकारी राखीव जंगलांवरचे निर्बंध कडक झाले. १९५१ मध्ये मालगुजारी संपून गावची मालगुजारी जंगलेही सरकारकडे गेली. शेतकऱ्याने लाकूड आणायचे या अटीवर उभा असलेला बलुत्याचा व्यवहार त्यामुळे मुळातच खिळखिळा झाला.

मगनवाडी आणि सेवाग्राम

विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्याला आले आणि गांधीजी १९३३ मध्ये. गांधीजींना लाकूडकाम नवे नव्हते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मवर, १९१० पासून, हर्मन कॅलनबाख यांच्या मार्गदर्शनाखाली तिथल्या रहिवाशांनी आपले सामान स्वतः घडवले होते. १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले आणि जे. सी. कुमारप्पा यांनी संघाचे काम हाती घेतले.

मगनवाडीत गावच्या कारागिराची साधने तपासून सुधारण्याचे काम सुरू झाले. झवेरभाई पटेल यांनी तेलाच्या लाकडी घाणीत सुधारणा केली. वर्धा घाणी या नावाने ती देशात इतरत्रही गेली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगांची साधने आणि वस्तू मांडल्या गेल्या. विनोबांच्या प्रेरणेने १९३४ मध्ये सुरू झालेल्या ग्रामसेवा मंडळाने सरंजाम कार्यालयात चरखे आणि कताई-विणाईची साधने बनवण्याचे काम चालवले.

चरख्याने सुतारकामाला नवी शिस्त लावली. वखराच्या खोडात एखादे सूत इकडेतिकडे झाले तरी चालते. चरख्यात ते चालत नाही. चाक मध्यातून जरा सरकले की माळ, म्हणजे चाकावरची दोरी, उडते; चातीला, म्हणजे सूत पिळणाऱ्या सळईला, कंप आला की सूत तुटते. येरवडा चरख्यात पेटीत दोन चाके असतात. मोठ्या चाकाची माळ लहान चाकाच्या गाभ्याला फिरवते आणि लहान चाकाची माळ चातीला, त्यामुळे हाताच्या एका फेऱ्यात चाती कितीतरी वेळा फिरते. दोन्ही चाके एका पातळीत नसतील तर ही सगळी रचना फुकट जाते. प्रभुदास गांधी यांनी बनवलेला मगन चरखा पायाने फिरवून दोन्ही हातांनी दोन धागे काढण्यासाठी होता. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन, म्हणजेच भारतानंद, यांनी धनुष तकली तयार केली. तिच्यात चाती कमानीने फिरवली जाते, आणि सुताराचा सामताही त्याच तत्त्वावर चालतो.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. तिथली पहिली वास्तू आदिनिवास आणि नंतरची बापूकुटी स्थानिक साहित्यातूनच उभी राहिली. लाकडी खांब आणि बल्ल्या, बांबू, मातीच्या भिंती, वर कवेलू. खर्च अगदी कमी राहावा आणि साहित्य जवळपासचे असावे, अशी गांधीजींची अट होती. या कुट्या नव्या शैलीचा देखावा नाहीत. गावातल्या घराचीच रचना त्यांत नीटनेटकी आणि काटेकोर झालेली दिसते.

सुतारकाम शाळेचा विषय होते

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, वर्ध्यातील मारवाडी शिक्षण मंडळाच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल दिला. हीच वर्धा शिक्षण योजना. सात ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना सात वर्षे मोफत, सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि त्याच्या केंद्रस्थानी एखादा उत्पादक उद्योग असावा, असे तिने सुचवले. अशा उद्योगांच्या, म्हणजे मूलोद्योगांच्या, यादीत कताई-विणाई, शेती, फळबाग-भाजीपाला आणि चर्मकाम यांच्या बरोबरीने सुतारकाम होते. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला दिलेली होती. गणित, संगीत आणि चित्रकला मिळून चाळीस मिनिटे, मातृभाषेला चाळीस मिनिटे.

लाकूडकाम शाळेत आणण्याचा प्रयोग जगात याआधी झालेला होता. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांनी १८६६ पासून हस्तकाम प्राथमिक शिक्षणात आणले. स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सालोमोन यांनी शिक्षकांना लाकूडकामाचे क्रमवार धडे देणारी स्लॉइड पद्धत घडवली. स्लॉइडमध्ये सोप्या वस्तूपासून अवघड वस्तूकडे जाऊन हात आणि डोळा तयार करायचे होते. वर्धा योजनेची अपेक्षा याहून मोठी होती. हस्तकाम हा इतर विषयांबरोबरचा एक तास नसून इतर विषय त्यातूनच शिकवायचे, आणि मुलांच्या कामातून शाळेच्या खर्चाला हातभार लागायचा.

या जोडणीला समवाय म्हणत, आणि सुतारकाम तिला विशेष अनुकूल आहे. एक साधी पाटाची फळी घडवताना लांबी-रुंदी-जाडीतून क्षेत्रफळ आणि घनफळ येते. भाव काढताना अपूर्णांक आणि त्रैराशिक येते. गुण्या लावताना काटकोन आणि कर्ण तपासताना आयताचा गुणधर्म डोळ्यांसमोर सिद्ध होतो. खोडावरची वर्तुळे मोजली की झाडाचे वय आणि दुष्काळाची वर्षे दिसतात. साग कुठल्या जमिनीत वाढतो हे विचारले की भूगोल सुरू होतो. धार लावताना घर्षण, पटाशीत पाचर, गिरमिटात मळसूत्र. हे सगळे हाताखाली घडते, आणि चुकीचा हिशेब सांध्यातली फट दाखवते.

योजनेवर टीकाही झाली. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी परिषदेतच धोका दाखवला की सरकारी आधारावर चालणाऱ्या शाळांचा माल बाजारात आला, तर पोटासाठी राबणाऱ्या कारागिरांशी ती विषम स्पर्धा ठरेल. हा आक्षेप वाजवी होता आणि स्वावलंबनाचा मुद्दा पुढे सतत वादात राहिला.

ही योजना चालवण्यासाठी १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. शांतिनिकेतनातून आलेले ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी यांनी सेवाग्रामात नई तालीमची, म्हणजे याच बुनियादी शिक्षणाची, शाळा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण उभे केले. स्वयंपाक, सफाई, शेती, कताई आणि दुरुस्ती यांतून तिथले शिक्षण चाले. जातीचा हिशेब न करता मुलामुलींच्या हाती एकच काम देण्याची रीत इथे घालून दिली गेली, आणि बलुत्याच्या शिक्षणाची पहिली मर्यादा इथे मोडली.

तरीही देशभर मूलोद्योग म्हणून पसरली ती मुख्यतः कताई. कारण उघड आहे. तकली अगदी स्वस्त, कापूस हाताशी आणि वर्गातले प्रत्येक मूल एकाच वेळी कातू शकते. सुतारकामाला हत्यारांचे संच लागतात, सुकलेले लाकूड लागते, जागा लागते आणि धार लावून ठेवणारा जाणता माणूस लागतो. ज्याच्याकडे ही विद्या होती तो गावचा सुतार शिक्षकाच्या पदवीअभावी शाळेबाहेर राहिला, आणि शिक्षकाला रंधा धरता येत नव्हता. योजनेची ही सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

स्वातंत्र्यानंतर

१९५० पासून देशात कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकाम हा व्यवसाय म्हणून शिकवला जाऊ लागला. त्यामुळे जातीबाहेरच्या तरुणांना प्रमाणपत्रासह ही विद्या खुली झाली. शाळांत मात्र उलटे घडले. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि मूलोद्योगाची जागा आठवड्यातल्या एखाद-दुसऱ्या तासाने घेतली. सेवाग्रामची मूळ शाळा १९७० च्या दशकात बंद पडली. २००५ मध्ये तिथे आनंद निकेतन ही शाळा नव्याने सुरू झाली आणि हाताच्या कामातून शिकण्याचा धागा पुन्हा धरला गेला.

गावात याच काळात लोखंडी नांगर, रबरी टायरची बैलगाडी आणि मग ट्रॅक्टर आला. आरे असलेले चाक घडवण्याचे काम जवळजवळ थांबले. सुतार शहराकडे, फर्निचरकडे, बांधकामाच्या सेंटरिंगकडे वळला. आरागिरणीत लाकूड मापात चिरून मिळू लागले, प्लायवूड आणि विजेवरचे रंधे आले. फळी आकसण्याचा प्रश्न प्लायवूडने बराच सोडवला, आणि त्याचबरोबर लाकूड ओळखण्याची गरजही कमी केली. देशी कलाकुसर टिकून राहिली ती सणाच्या आधाराने. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तान्हा पोळ्यात मुले लाकडी नंदी घेऊन निघतात, आणि सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) इथले मोठाले कोरीव नंदी पाहायला दूरदूरची माणसे येतात.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि कमी व्याजाचे कर्ज असे तिचे स्वरूप आहे. योजनेच्या पहिल्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातच झाला. हत्यारासाठी पैसा मिळणे आवश्यक आहे, पण हत्यार चालवण्याची विद्या काही दिवसांच्या वर्गात येत नाही. ती येते सवयीने आणि जाणत्या माणसाच्या सहवासात.

बापाकडून मुलाला मिळणारी विद्या प्रत्येक मुलामुलीच्या शिक्षणाचा पाया होऊ शकते, हा विचार वर्ध्याने देशापुढे मांडला आणि काही वर्षे प्रत्यक्ष चालवून दाखवला. त्या प्रयोगात अनुभवी सुताराला शिक्षकाची जागा मिळाली नाही, हे अपुरे राहिले. जिल्ह्यात वाकस आणि रंधा चालवणारे जुने मिस्त्री आजही आहेत. त्यांना मानाने, मानधनाने शाळेत बोलावणे हे कुठल्याही शाळेला आज करता येण्याजोगे काम आहे, आणि ते त्यांच्या हयातीतच व्हायला हवे.